सिस्टर, सुट्टी नेमकी कुणाची झाली?

प्रश्न: सिस्टर, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वेंगुर्ल्याला जाऊन आलो. मी, आमचे हे, सासू-सासरे आणि नऊ महिन्यांची मुलगी. मित्राची गाडी घेऊन आंबोलीवरनं गेलो. समुद्राजवळ स्वयंपाकघर असलेली जागा घेतली होती. तिथं बाळ मजेत होतं. सगळ्यांकडं जायचं, रात्री उशिरापर्यंत जागायचं, एवढंच. घरी वडगावला आलो आणि सगळं बिघडलं. रात्री सारखी उठून रडते, नाक चोंदतं. खिचडी तोंडात घातली की फुर्र करून उडवते, पण मामंजींनी चहात बुडवून दिलेलं बिस्किट मात्र मागते. हे उद्यमबागला फौंड्रीत आहेत. सकाळी ते निघाले की असा टाहो फोडते की शेजारी येऊन विचारतात. सासूबाईंचं एकच, "मी तवाच सांगितलो नव्हे, वर्षाच्या आत लेकराला समुद्राकडं नेऊ नका म्हणून! भ्यालंय ते." गोवर-रुबेलाची लस राहिली होती, ती आल्यावर दिली. मला खुपतंय ते वेगळंच. तिथं सकाळी मी दुपटी धूत होते, दुपारी बाळाचं शिजवत होते, संध्याकाळी सगळ्यांचं. पाण्यात पाय बुडवले ते निघायच्या दिवशी. घरी आले तर कपड्यांचा ढीग. मधेच बाथरूममध्ये जाऊन रडू येतं. आता मे महिन्यात परत जायचं घाटतंय. बाळाला न्यावं का?
— एक आई, वडगाव, बेळगाव

उत्तर: आधी सासूबाईंचं घेऊ, कारण ते तुला रोज ऐकावं लागत असणार. मोठ्या लाटेचा आवाज आला की लहान मूल दचकतं, आईला बिलगतं, रडतंही. पण ती भीती तिथल्या तिथं ओसरते. वेंगुर्ल्याची लाट आठवून वडगावात मध्यरात्री उठण्याइतकी गुंतागुंत नऊ महिन्यांच्या डोक्यात अजून नसते. सासूबाईंना मीठ-मोहरी ओवाळून टाकायची असेल तर टाकू दे, त्यानं बाळाचं काही बिघडत नाही आणि त्यांचंही मन राहतं. मिरच्यांचा धूर मात्र त्या खोलीत नको. नाक आधीच चोंदलेलं आहे. डोळ्यात काजळही नको, ते कितीही घरचं असलं तरी.

आता बापामागं रडण्याचं. तुम्ही कुठंच गेला नसता तरी हे साधारण याच वयात सुरू झालं असतं. आधी माणूस नजरेआड झाला की बाळाच्या लेखी संपला. आता तिला कळायला लागलंय की बाबा दाराबाहेर गेले तरी कुठंतरी आहेत; परत कधी येणार हे मात्र कळत नाही. त्यात सुट्टीभर बाबा सकाळपासून रात्रीपर्यंत समोर. हक्काचा माणूस एकदम पहिल्या पाळीला निघून जायला लागला, मग ती ओरडणारच. यावर घरोघरी एक उपाय करतात: बाळाला आत नेऊन चिमणी दाखवायची आणि बापानं मागच्या दारानं सटकायचं. तो करू नका. त्यानं रडणं त्या दिवसापुरतं वाचतं, पण बाबा कुठल्याही क्षणी गायब होऊ शकतात असं ठरून मग ती दिवसभर चिकटून बसते. त्यांनी समोर उभं राहून "जाऊन येतो" म्हणावं, हात हलवावा आणि खरंच जावं. दारात रेंगाळू नये. संध्याकाळी आल्यावर फौंड्रीचे कपडे बदलून, हातपाय धुऊन तासभर बाळ त्यांच्याकडं. त्या तासात तू स्वयंपाकघरात शिरायचं नाही. का, ते पुढं येईलच.

नाकाचं कारण अगदी साधं आहे. वेंगुर्लं समुद्रकाठचं, दमट. आपलं बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, आणि दिवाळीनंतरची आपली रात्र गार आणि कोरडी. ओल्या हवेतनं बाळ एकदम इथं आलं की नाकात सुकलेलं धरतं. नाक बंद असलं की तिला दूध ओढता येत नाही, अर्धवट पिऊन झोपते आणि भुकेनं उठते. औषधाच्या दुकानात नाकात घालायचे साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात. पाजायच्या आधी थोडा वेळ ते घाल. नाकात तेल सोडू नको, छातीला चोळायची उग्र मलमं दोन वर्षांच्या आत नकोत. आणि आपल्याकडं ओवा-कापराची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात बांधतात, ती तर अजिबात नको. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात. पुरचुंडी गळ्यात असली की ती तोंडात जाणारच, नऊ महिन्यांचं मूल सगळं तोंडानंच बघतं.

लसीचं तू शेवटी जाता जाता लिहिलंस, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. गोवर-रुबेलाचा ताप आधीच्या पेंटा लसीसारखा त्याच रात्री येत नाही. तो यायचा असेल तर साधारण आठवडा ते बारा दिवसांनी येतो, अंगावर बारीक पुरळही उठतं. तोवर लस दिल्याचं घरात कुणाच्या लक्षात नसतं आणि दोष जातो समुद्राला नाहीतर कुणाच्या नजरेला. कार्डावरची तारीख काढ आणि बाळाच्या बिनसलेल्या रात्रींशी जुळवून बघ. आणखी एक. पुढच्या वेळी डोसाची तारीख प्रवासात येत असेल तर तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या नोंदीचं कार्ड, पिशवीत टाकून ने. आपलं कार्ड कर्नाटकाचं, गाव महाराष्ट्रातलं, असं काही नसतं. सरकारी दवाखान्यात या लशी कुठल्याही राज्यात मोफत मिळतात. खानापूर तालुक्यात मी नोकरी केली. तिथं गोव्याहून आणि चंदगडाहून माहेरी आलेल्या मुली त्यांची कार्डं घेऊन उपकेंद्रात यायच्या, आम्ही नोंद करून डोस देत होतो. रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबरही कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, तिन्हीकडं चालतो.

बिस्किटाबद्दल मामंजींना मी सांगते असं सांग. चहा या वयात नकोच, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. बिस्किटात साखर आणि मैदा. त्याची चव लागल्यावर मुगाची खिचडी कशी आवडेल? वर्षाच्या आत वरून साखर-मीठ लागत नाही, मध तर द्यायचाच नाही. खिचडी उडवली तर ओरडू नको, कोंबूही नको. ताट उचल, दीड-दोन तासांनी परत दे. नाचणीचं सत्त्व, मऊ भात-वरण, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, दिवसातनं तीन-चार वेळा, दर वेळी साधारण अर्धी वाटी. अंगावरचं दूध चालूच राहू दे. घरात खाणारे असाल तर काटे नीट काढून शिजवलेला मासाही या वयात चालतो. वेंगुर्ल्याला जाऊन बाळाला बिस्किट चारून आणलंत याचं मला जरा हसूच आलं.

झोपेची घडी रात्री बसवायला जाऊ नको, सकाळी बसव. रात्री कितीही जागली तरी सकाळी ठरलेल्या वेळेला उठव, उजेडात आण. दुपारची झोप फार लांबू देऊ नको. संध्याकाळी दिवे मंद, मोबाइल लांब, तीच गोधडी, तीच जागा. आठवडाभर लागेल. तुमच्या गल्लीत माग चालत असतील तर त्याची खटखट बंद करायला कुणाला सांगू नको, बाळ त्याच आवाजात वाढलंय.

हे सगळं करताना काही खुणांवर नजर ठेव. श्वास मोज: बाळ शांत असताना, घड्याळ धरून पुरा एक मिनिट. दोन महिन्यांच्या पुढं वर्षाच्या आतल्या मुलाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त असेल, छाती आत ओढली जात असेल, दूध पूर्ण सोडलं असेल, लघवी फार कमी झाली असेल, किंवा मूल हलवूनही नीट जागं होत नसेल, तर त्याच वेळी दवाखाना गाठायचा. ताप दोन दिवसांवर राहिला किंवा ती सारखा एकच कान ओढून रडायला लागली तरी दाखवून घे.

आता तुझं. पत्रात तू बाळाबद्दल भरभरून लिहिलंस आणि स्वतःबद्दल शेवटच्या चार ओळी, त्याही चोरट्या. मला त्याच चार ओळींवर जास्त बोलायचंय.

स्वयंपाकघर असलेली जागा घेतली तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं असेल, चला, बाळाची सोय झाली. झालं काय, तर तुझं वडगावचं स्वयंपाकघर उचलून वेंगुर्ल्याला नेलं. इथं निदान धुणं टाकायला मशीन असेल, भाजी चिरायला सासूबाई असतील, हाक मारली तर शेजारीण असेल. तिथं त्यातलं काही नाही, उलट नवी शेगडी, नवा नळ आणि वाळूनं भरलेली दुपटी. सासू-सासरे फिरायला आलेले, नवरा थकून विसाव्याला आलेला, आणि तू? तुझी फक्त जागा बदलली. हे कुणी दुष्टपणानं करत नाही. बाई जाईल तिथं घर मागोमाग येतं अशी सगळ्यांना सवय असते, बाईलाही.

म्हणून मे महिन्याचं ठरायच्या आधी बसून बोला. पिशव्या भरताना नव्हे, जागा ठरवतानाच. दोन्ही वेळचं जेवण मिळेल अशी जागा घ्या. चार पैसे जास्त जातील, ते गाडीतल्या खादाडीतनं वाचवा. बाळापुरती मऊ खिचडी करून द्यायला खानावळीच्या बाया नाही म्हणत नाहीत, आधी सांगितलं तर. रोज सकाळी दोन तास बाळ बाबांकडं, पूर्ण: खाणं, शी-शू, रडणं सगळं. तू त्या वेळात झोप, समुद्रावर जा, नुसती बस. संध्याकाळी तासभर आजी-आजोबांकडं. दुपटी जो जागा असेल त्यानं धुवायची. आता समोर मांडलं तर यजमान हो म्हणतील, पोचल्यावर मांडलंस तर त्याचं भांडण होईल.

मे महिन्यात मुलगी पंधरा महिन्यांची होईल. ती आता मांडीवर बसणारं बाळ नसेल, धावणारं असेल. वाळूत खळगा करून साठवलेल्या वीतभर पाण्यातही मूल तोंडावर पडून गुदमरतं, तेही आवाज न करता. म्हणून पाण्याजवळ असताना एका माणसाचं नाव ठरवून द्यायचं, "या वेळी बाळ माझ्याकडं." सगळे मिळून बघतात तेव्हा कुणीच बघत नसतं. कोकणातला मे, त्यामुळं सकाळी दहाच्या आत आणि ऊन उतरल्यावरच बाहेर. सुती कपडे. घामोळं उठलं तर पावडर थापू नको, गार पाण्यानं पुसून कोरडं ठेव. ओआरएसची पाकिटं बरोबर असू देत: एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं-पाऊण करायचं नाही, आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

गाडीचंही सांगते. मित्राची गाडी घेतलीत तेव्हा बाळ तुझ्या मांडीवर होतं ना? पुढच्या सीटवर असशील तर पुन्हा तसं बसू नको. करकचून ब्रेक लागला तर आईच्या हातात मूल धरायची ताकद उरत नाही, आणि एअरबॅग फुटली तर ती थेट मुलावर. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर कायद्यानं हजार रुपये दंडही आहे, पण तो कुणी घेताना दिसत नाही हे मलाही माहीत आहे. मागच्या सीटवर, तोंड मागं करून बसवायचं बालआसन घ्या. कुणाचं वापरलेलं घेणार असाल तर ती गाडी ठोकलेली नव्हती ना, एवढं विचारून घ्या. बेळगावपासून आंबोलीपर्यंतचा रस्ता बहुतेक पठारावरच राहतो. खरा उतार आंबोलीच्या पुढं, सावंतवाडीकडं. कान दडपतात ते तिथं. म्हणून आंबोलीत थांबून पाज, आणि उतरताना चमच्यानं घोट घोट पाणी दे. गाडी लागण्याची भीती दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सहसा नसते. लागते ती मागं बसून मोबाइल बघणाऱ्या मोठ्यांना.

परतीचा प्रवास सगळे उरलासुरला दिवस समजतात. शेवटची संध्याकाळही समुद्रावर घालवायची, रात्री उशिरा घर गाठायचं आणि सकाळी कामावर. तुमचं या खेपेला तसंच झालं असणार, नाही का? मे महिन्यात परतायचं ते यजमानांना कामावर जायच्या आदल्या दिवशी नव्हे, त्याच्याही आधीच्या दिवशी, आणि दुपारपर्यंत घरात. मधला एक दिवस बाळाला घर पुन्हा ओळखीचं व्हायला आणि तुला. त्या दिवशी पाहुणे नकोत, फोटो दाखवायला नणंद नंतर येऊ दे. जायच्या आधी अंथरूण घालून ठेव, आणि भात-वरणाचा कुकर लावता येईल एवढं घरात असू दे. पिंप, बादल्या, फ्रीजमागची ताटली रिकामी करून जा. साठलेल्या पाण्यात अंड्यापासून डास तयार व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि डेंगीचा डास स्वच्छ पाण्यातच वाढतो. परत आल्यावर फक्त बाळाचे कपडे धू. बाकीचा ढीग दोन दिवस कोपऱ्यात राहिला तर घराला काही होत नाही. सासूबाई बोलल्या तर बोलू दे.

आणि ते बाथरूममधलं रडणं. दमल्यामुळं असेल तर दोन-चार रात्री नीट झोप मिळाली की ओसरेल. पण दोन आठवड्यांहून जास्त रोज तसंच वाटत असेल, बाळाजवळ मन लागत नसेल, जेवण-झोप उडाली असेल, तर ते नुसतं दमणं नव्हे. बाळंतपणानंतर वर्षभरात कधीही असं होतं, त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना सांग, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या नंबरवर फोन कर. मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतनं बोलता येतं. यजमानांना हे पत्र वाचायला दे. अंक घरात येतोच ना?

बाळाला मे महिन्यात न्यायचं का? ने की.

प्रश्न: बाळंतपणाला आलेली आमची मुलगी आता पुण्याला सासरी परत चालली आहे. नातू तीन महिन्यांचा. जावई म्हणतात, रात्री निघू, बाळ झोपलेलं असेल, रस्ता मोकळा असतो. माझं मन घेत नाही. म्हातारपणाची काळजी म्हणून सोडून देऊ का?
— एक आजोबा, निपाणी

उत्तर: सोडून देऊ नका. बाळ झोपेल हे खरं, पण दिवसभर काम करून निपाणीला आलेला जावईही रात्री पेंगतो. निपाणी-पुणे पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, हायवे सरळ, म्हणून झोप आणखी लागते. सकाळी लवकर निघा. इतक्या लहान बाळाला सलग दोन तासांहून जास्त आसनात ठेवू नये. कराड, सातारा असं थांबत, गाडीबाहेर काढून, आडवं करून, पाजत जायचं. प्रवास आहे म्हणून पाणी, गुटी, वरचं दूध, काही सुरू करायचं नाही. सहा महिने आईचंच दूध, उन्हाळ्यातसुद्धा. साडेतीन महिन्यांचा डोस जवळ आला असेल तर तो निपाणीत देऊन दोन दिवसांनी निघा, नाहीतर कार्ड घेऊन पुण्यात द्या. आणि एक सुचवते: बाळाबरोबर आजीलाही पंधरा दिवस पाठवा. माहेरी अंघोळ घालायला, शेकायला, बाळ धरायला माणसं होती. तिथं पोचल्यावर मुलगी एकटी पडते, आणि बाळ बघायला येणाऱ्यांना चहाही तिनंच करायचा. आजी दाराशी असल्या म्हणजे सर्दीवाल्यांना बाळाचे मुके घेऊ देणार नाहीत. तुमच्या जेवणाची सोय तेवढे दिवस तुम्ही बघा.

प्रश्न: सिस्टर, बाईकवरनं चोर्ला घाटातनं गोव्याला जायचंय. मी, बायको, मधे सात महिन्यांचं बाळ. हळू चालवणार. चालेल ना?
— एक बाबा, खानापूर

उत्तर: नाही. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला जोडलेला पट्टा हवा आणि वेग ४० च्या आत हवा, असा २०२२ सालचा केंद्राचा नियम आहे. नऊ महिन्यांपासून पुढं हेल्मेटही सक्तीचं. तुझं बाळ सात महिन्यांचं, त्याची मान अजून हेल्मेटचं वजनसुद्धा पेलणार नाही, मग घाटातले हिसके कुठले? पट्टा लावून गावातनं दवाखान्यात जाणं वेगळं, चोर्ला वेगळा. गोव्याला जायचंच तर लोंढ्याहून रेल्वेनं जा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, वाटेत दूधसागर दिसतो, आणि बायकोला बाळाला निवांत पाजता येतं. बाईकचीच हौस असेल तर एका सकाळी तू एकटा कणकुंबीला जा, माउली देवीचं दर्शन घे, मलप्रभेचा उगम बघ आणि दुपारच्या जेवणाला घरी ये. बायकोची तशी सकाळ कधी, तेही त्याच दिवशी ठरवून टाक.